दर्या आणि दऱ्या : प्रॉक्सीसाठी सी-मध्ये प्लगिन लिहिताना

संध्याकाळी सव्वासहाला वृत्तसंपादक सरांचा फोन आला. "अगं, ती पीकविम्याची बातमी दुरुस्त करून दीड तास झाला. तू पान साफ केलंस ना? मग परभणीहून वाचक फोन करून का सांगतायत, की शेवटची तारीख अजून जुनीच दिसतेय म्हणून?"

मी पान उघडलं. माझ्या संगणकावर नवी तारीख होती. मग तेच पान मोबाइलवरच्या आमच्या ॲपमधून उघडलं, तर तिथे जुनी तारीख. बातमी तीच आणि बातमीचा क्रमांकही तोच. फरक होता तो फक्त तारखेत, आणि ती तारीख पाहून कुणीतरी अर्ज भरायचा की नाही ते ठरवणार होतं. त्या रात्री घरी जायला बारा वाजले.

मी एका मराठी बातम्यांच्या संकेतस्थळाच्या तांत्रिक विभागात काम करते. वाचक आणि आमचा मूळ सर्व्हर यांच्या मधे अपाची ट्रॅफिक सर्व्हर ही प्रॉक्सी आहे. कुणी एखादं पान मागितलं की ती ते मूळ सर्व्हरकडून आणते, स्वतःच्या कॅशेमध्ये ठेवते, आणि पुढच्या हजार वाचकांना तिथूनच देते. बातमी बदलली की आमची स्क्रिप्ट त्या पत्त्यासाठी 'पर्ज' विनंती पाठवते, म्हणजे साठवलेली प्रत काढून टाक असं सांगते. सगळा खेळ पत्त्यावर चालतो. पत्ता जुळला तर प्रत सापडते, नाहीतर नाही.

लॉगमध्ये त्या एका बातमीचे तीन वेगवेगळे पत्ते सापडले. मथळ्यात 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द होता. वाचताना तो एकच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, तो एका रूपात १३ चिन्हांचा, ते क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत ३९ बाइटांचा, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत रूपांतर झालं की ११७ अक्षरांचा होतो. अशा लांबलचक माळेत एक मणी वेगळा असला तरी डोळ्यांना काही कळत नाही. मी दोन-दोन माळा एकाखाली एक ठेवून बोटाने सरकत गेले, तेव्हा फरक दिसला.

पहिला फरक सोपा होता. संकेतस्थळ बाइट दाखवणाऱ्या ई०-ए४ सारख्या जोड्यांमधली रोमन अक्षरं लहान लिपीत लिहीत होतं, ॲप मोठ्या लिपीत. प्रमाणाप्रमाणे दोन्ही सारखेच, पण कॅशे बाइट बघते.

दुसरा फरक पाचव्या चिन्हात, त्या ऱ मध्ये होता. 'शेतकऱ्यांच्या' मधला अर्धा र, ज्याला आपण आडवा रफार म्हणतो, तो युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र-ची कळ दाबली की ऱ मिळतो, त्याचे बाइट ई०-ए४-बी१. त्याला हलन्त जोडला की आडवा रफार तयार. दुसरी पद्धत साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, शून्य रुंदीचं. त्याचे बाइट ई२-८०-८डी. युनिकोडच्या प्रमाणग्रंथात या दोन्ही पद्धतींना मान्यता आहे. तिसरी पद्धत र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब : म्हणजे ऱ चीच सुटी करून लिहिलेली जोडी. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या एका साधनातून ती आमच्याकडे येत होती.

बातमी लिहिणाऱ्याने कोणत्या कळफलकावर मथळा टाइप केला, ॲपने पत्ता पुन्हा कसा गुंडाळला (म्हणजे टक्क्याच्या रूपात नेला), यावर ठरत होतं की वाचकाला कोणती प्रत मिळणार. आमची पर्ज स्क्रिप्ट यातला एकच पत्ता साफ करायची. बाकीच्या प्रती मुदत संपेपर्यंत तशाच.

दुसऱ्या दिवशी बैठकीत उपाय निघाले. ट्रॅफिक सर्व्हरसोबत 'कॅशेकी' नावाचं तयार प्लगिन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, येतं. त्यातून पत्त्यातला फक्त बातमीचा क्रमांक घेऊन त्यालाच चावी, म्हणजे कॅशेतली प्रत ज्या नावाखाली ठेवतात आणि शोधतात ते नाव, करता येते, आणि बातम्यांसाठी ते पुरलंही असतं. पण आमची सदरं, विषयांची पानं, लेखकांची पानं आणि छायाचित्रांच्या फाइली यांना क्रमांक नाहीत, नुसती मराठी नावं आहेत. कुणी म्हणालं, चुकीच्या पत्त्यावरून बरोबर पत्त्याकडे पाठवून द्या. पण त्यात वाचकाची एक फेरी वाढते, आणि आमचे बरेच वाचक जिथे नेटवर्क दोन कांड्यांवर असतं अशा गावांतून वाचतात. कुणी युनिकोडचं प्रमाणीकरण करणारी तयार लायब्ररी सुचवली. मी तपासलं. र आणि नुक्ता यांचा ऱ ती नक्की करते. पण जोडचिन्हाने लिहिलेला आडवा रफार तिच्या दृष्टीने वेगळाच राहतो, कारण प्रमाणीकरणाच्या नियमांत त्या दोघांचं नातं नाही. ते नातं मराठी वाचणाऱ्यालाच माहीत. तेव्हा प्लगिन आपणच लिहायचं ठरलं, आणि मी हात वर केला.

ट्रॅफिक सर्व्हरचा इतिहास मला तेव्हाच कळला. बर्कले विद्यापीठातून निघालेल्या इंकटोमी या कंपनीने नव्वदच्या दशकात तो बनवला. २००३ साली ती कंपनी याहूकडे गेली, याहूने २००९ मध्ये हा सर्व्हर अपाची या संस्थेला खुला करून दिला, आणि २०१० मध्ये तो तिथला स्वतंत्र प्रकल्प झाला. आतल्या कितीतरी फंक्शनांच्या नावांपुढे अजून 'इंक' लागलेलं दिसतं. सर्व्हर स्वतः सी-प्लस-प्लसमध्ये आहे, पण प्लगिनसाठी दिलेला दरवाजा आमच्या आवृत्तीत साध्या सी भाषेचा होता. सी मी पॉलिटेक्निकला टर्बो सी-च्या निळ्या पडद्यावर शिकले होते, त्यानंतर सगळी वर्षं पायथनमध्ये गेली. पुन्हा पॉइंटरशी, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणाऱ्या खुणेशी, गाठ पडली याचा मला मनापासून आनंद झाला.

सुरुवात वाटते तितकी अवघड नाही. एक फाइल, त्यात टीएस-प्लगिन-इनिट नावाचं फंक्शन. सर्व्हर उठताना ते एकदा बोलावतो. त्यात आपलं नाव नोंदवायचं, एक 'कंटिन्युएशन' तयार करायचं, आणि ते एखाद्या हुकाला अडकवायचं. कंटिन्युएशन म्हणजे आपलं एक फंक्शन आणि त्यासोबतची त्याची शिदोरी. हूक म्हणजे विनंतीच्या प्रवासातला थांबा : हेडर (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळी) वाचून झाले, कॅशेत शोधून झालं, मूळ सर्व्हरचं उत्तर आलं, वगैरे. त्या थांब्यावर सर्व्हर विनंतीला उभं करतो आणि आपल्याला हाक मारतो. आपलं काम झालं की 'रीएनेबल' म्हणून तिला पुढे सोडायचं. सोबत येणाऱ्या टीएसएक्सएस या साधनाने फाइल बांधली, नाव प्लगिन डॉट कॉन्फिगमध्ये लिहिलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि लॉगमध्ये माझी पहिली ओळ उमटली.

पहिल्याच दुपारी ब्राउझर नुसता फिरत राहिला. मी फंक्शनात वरच लिहिलं होतं, की पत्त्यात टक्क्याचं चिन्ह नसेल तर लगेच परत फिर. परत फिरताना रीएनेबल करायचं राहिलं होतं. त्यामुळे मराठी पत्ते झकास चालत होते आणि साधे रोमन पत्ते थांब्यावर उभे. तेव्हापासून माझ्या फंक्शनांना बाहेर पडायचं एकच दार असतं, अगदी शेवटी, आणि रीएनेबल त्या दारात.

पुढची अडचण जास्त शिकवणारी होती. पत्त्यातला मार्ग मागणारं फंक्शन पॉइंटर देतं आणि लांबी देतं. त्या अक्षरांच्या शेवटी सी-मधलं नेहमीचं शून्य नसतं. मला हे कागदोपत्री माहीत होतं, तरी मी सवयीने स्ट्रस्ट्र हे सी-चं नेहमीचं शोधणारं फंक्शन वापरलं. ते शून्य सापडेपर्यंत पुढे चालत राहतं. लॉगमध्ये प्लगिन सांगू लागलं, की अमुक पत्त्यात जोडचिन्हाचा र सापडला. पत्ता बघावा तर त्यात मराठी अक्षरच नाही. तासाभराने लक्षात आलं की विनंतीच्या सगळ्या हेडरांचा मजकूर मेमरीत जवळजवळ ठेवलेला असतो, आणि स्ट्रस्ट्र पत्त्याची हद्द ओलांडून शेजारच्या रेफरर हेडरमध्ये पोचलं होतं. वाचक ज्या बातमीवरून आला, तिचा मराठी पत्ता तिथे होता. त्या दिवशी स्ट्र-ने सुरू होणारी सगळी फंक्शनं फाइलमधून काढली. लांबी हातात धरून चालणारं साधं लूप लिहिलं.

आता मूळ काम. मी पहिल्या आवृत्तीत फार सोपा नियम केला होता : न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाका. ती दिसतच नाहीत, तर पत्त्यात कशाला हवीत, असा माझा विचार. चाचणीसाठी शब्दांची यादी केली, त्यात सह्याद्रीवरच्या एका लेखमालेचं नाव घातलं, आणि 'दऱ्या' चा झाला 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्या गेल्या आणि समुद्र आला. जोडचिन्ह काढल्यावर र आणि हलन्त उरतात, आणि तो झाला नेहमीचा रफार, अक्षराच्या डोक्यावर बसणारा.

मी यादी घेऊन वृत्तसंपादक सरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे घाल त्यात. शाळेत आम्हाला हेच उदाहरण द्यायचे. एक शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. तुझ्या यंत्राने या दोघांना एका पंगतीत बसवलं तर मला चालणार नाही."

नियम मग उलटा केला. काही काढायचं नाही. र, हलन्त आणि जोडचिन्ह अशी त्रयी आली तर तिच्या जागी ऱ आणि हलन्त. र आणि नुक्ता आले तर ऱ. रफाराला हात लावायचा नाही. जोडचिन्ह दुसरीकडे कुठे आलं तर तिथेही नाही. आणि टक्क्यातली अक्षरं उलगडून बघायचीच नाहीत. पत्ता उलगडला तर कुणी नावात मुद्दाम गुंडाळून ठेवलेली तिरकी रेघ मोकळी होते आणि मार्गच बदलतो. म्हणून आधी सगळी हेक्स, म्हणजे बाइट दाखवणारी, अक्षरं मोठ्या लिपीत करायची, मग त्या गुंडाळलेल्या रूपातच ठरावीक माळा शोधून बदलायच्या.

हे सगळं एका माणसाच्या ब्राउझरवर सुरेख चाललं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात भीतिदायक चूक त्याच आवृत्तीत होती.

बदललेला पत्ता ठेवायला मी फाइलच्या वरच्या भागात एक स्टॅटिक बफर, म्हणजे मेमरीतली एकच कायमची जागा, घेतला होता, चार हजार शहाण्णव बाइटांचा. पॉलिटेक्निकमध्ये आम्ही असंच करायचो. पण ट्रॅफिक सर्व्हरमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, एकाच वेळी धावतात, आणि माझं कंटिन्युएशन मी म्युटेक्सशिवाय, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाशिवाय, बनवलं होतं, त्यामुळे ते एकाच क्षणी चार थ्रेडांवर चालू शकत होतं. बफर मात्र सगळ्यांत मिळून एक. एका थ्रेडने त्यात आपला पत्ता लिहिला, तो चावी म्हणून नोंदवायच्या आत दुसऱ्याने त्यावर आपला लिहिला. पहिल्या वाचकाची बातमी दुसऱ्या बातमीच्या चावीखाली साठवली गेली. आणि कॅशे जे साठवते ते पुढच्या सगळ्यांना देते.

हे चाचणीच्या सर्व्हरवरच पकडलं गेलं, म्हणून मी आज शांतपणे लिहू शकते. मी पायथनमध्ये एक तपासणीची स्क्रिप्ट केली होती : पन्नास विनंत्या एकदम सोडायच्या, आणि आलेल्या पानातला बातमी क्रमांक मागितलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते बघायचं. पहिल्या फेरीत तीन जुळले नाहीत. कांद्याच्या भावाच्या पत्त्यावर क्रिकेटचा सामना. मी ते पान कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

म्युटेक्स लावला असता तर चूक मिटली असती, पण मग सगळ्या वाचकांच्या विनंत्या एका अरुंद बोळातून एकामागे एक गेल्या असत्या. उत्तर कागदावर मांडल्यावर सापडलं. माझ्या नियमांत माळ कधी वाढत नाही. र-नुक्ता १८ अक्षरांचा, त्याचा ऱ ९ अक्षरांचा. जोडचिन्हाची त्रयी २७, तिचं नवं रूप १८. हेक्सची लिपी बदलली तरी लांबी तीच. म्हणजे वेगळा बफर लागतच नाही. पूर्ण पत्ता मागितला की सर्व्हर त्या विनंतीपुरती एक नवी प्रत करून हातात देतो. त्याच प्रतीत, त्याच जागी, वाचणारी खूण पुढे आणि लिहिणारी खूण मागे ठेवून बदल करायचे, चावी नोंदवायची, आणि प्रत टीएस-फ्रीने परत करायची. ती परत करायलाही विसरून चालत नाही. ३०० बाइटांचा पत्ता आणि सेकंदाला १०० विनंत्या धरल्या तर तासाला १० कोटी ८० लाख बाइट गळतात. हा हिशोब मी फंक्शनाच्या वर टिपणीत लिहून ठेवला आहे.

किती पत्ते बदलले ते मोजायला आधी साधा इंट, म्हणजे सगळ्या थ्रेडांत मिळून एकच पूर्णांक, होता, त्याचीही तीच गत झाली असती. तिथे सर्व्हरची स्वतःची आकडेवारीची सोय वापरली. सोबतच्या ट्रॅफिक-सीटीएल या साधनाने ती कधीही बघता येते. फेसबुक आणि जाहिरातींतून पत्त्याला लागणारी शेपटं कापायचं कामही मग याच प्लगिनात घेतलं, एकाच चावीवर दोन प्लगिनांनी हक्क सांगू नये म्हणून.

प्लगिन पहाटे साडेतीनला चढवलं. चावी बदलली की कॅशेतली जुनी प्रत असून नसल्यासारखी होते, आणि आमचे जवळजवळ सगळे मराठी पत्ते लहान लिपीतून मोठ्या लिपीत जाणार होते. म्हणजे प्रत्येक पानासाठी मूळ सर्व्हरला पुन्हा हाक. सकाळी सातच्या गर्दीत हे केलं असतं तर तो आडवा झाला असता.

तरीही एक गोष्ट निसटलीच. वारीच्या दिवसांत आमचं एक रोजचं सदर असतं, त्याच्या नावात 'वारकऱ्यांसोबत' आहे. सकाळी नऊला ते पान सगळ्यांना 'सापडत नाही' असं दिसू लागलं. प्लगिन फक्त चावी बदलत होतं, मूळ सर्व्हरकडे जाणारा पत्ता नाही. बातम्या क्रमांकावरून सापडत असल्याने तिथे कोणतंही रूप चालायचं, पण सदरं नावावरून सापडतात, आणि तिथलं नाव जोडचिन्हाच्या र-ने लिहिलेलं होतं. कुणीतरी ऱ वाल्या पत्त्याने आलं, मूळ सर्व्हरने चारशे चार सांगितलं, आणि न सापडलेली उत्तरंही थोडा वेळ साठवायची सेटिंग आम्हीच चालू ठेवली होती. आधी हे नकार आपापल्या पत्त्याखाली राहायचे. आता दोघांची चावी एक केल्यामुळे एकाचा नकार सगळ्यांच्या वाट्याला आला. हे मला आधी सुचायला हवं होतं. चावी एक करायची तर तिच्यामागचं उत्तरही एकच हवं.

त्या सकाळी मूळ सर्व्हरच्या उत्तराच्या हुकावर दुसरं छोटं फंक्शन अडकवलं : उत्तर चारशे चार असेल तर साठवू नकोस. नऊ चाळीसला सदर परत आलं. खरा इलाज पुढच्या आठवड्यात झाला. तोच नियम लेखनप्रणालीत नाव साठवतानाही लावला, आणि जुनी सगळी नावं एकदा त्यातून काढली. माझं चारशे चारचं फंक्शन त्यानंतरही मी काढलेलं नाही.

पर्जसाठी वेगळं काही करावं लागलं नाही. पर्जची विनंतीही त्याच थांब्यावरून जाते, तिचीही चावी तशीच एक होते. हे काम सुरू झालं ते ज्यामुळे, ते मात्र कोडच्या एकाही जास्तीच्या ओळीशिवाय सुटलं. महिन्याभराने एका बातमीतली रक्कम चुकली. सरांनी दुरुस्ती केली आणि फोन केला. मी तिन्ही प्रकारच्या र-ने, लहान आणि मोठ्या लिपीत, असे सहा पत्ते एकामागे एक मागितले. सहाही ठिकाणी नवी रक्कम. मी सरांना फोनवरच एक-एक वाचून दाखवली.

चाचणीची यादी त्यांच्याकडूनच वाढत जाते. परवा त्यांनी 'ॲड.' आणून दिला, वकिलांच्या नावापुढचा. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा बराच मजकूर अ, जोडचिन्ह आणि वरचा चंद्र अशा तीन तुकड्यांत आहे, आणि कितीतरी कळफलक अजूनही तसाच लिहितात. इथेही २७ अक्षरांचं रूप ९ अक्षरांचं होतं, तेव्हा जागेवरच बदलता येतं. ओळ लिहून झाली आहे. जुन्या लेखांतली सगळी 'ॲ' वाली नावं मूळ सर्व्हरवर बदलून झाली, की त्या पहाटे चढवणार.